जुन्या झडपेत नवी झडप

दृढीकरणाच्या संस्कारासाठी बिशपमहाशय धर्मग्रामात येतात, तेव्हा त्यांच्या मस्तकावरील उंच, दोन टोकांचा मुकुट लहान मुले मोठ्या कौतुकाने न्याहाळीत असतात. त्यास मिटर म्हणतात. हाच मुकुट उलटा धरला तर तो मनुष्याच्या हृदयातील एका झडपेसारखा दिसतो, असे सोळाव्या शतकातील सुप्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ आंद्रेआस वेसालियस यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून आजतागायत साऱ्या जगातील डॉक्टर त्या झडपेस ‘मायट्रल’, म्हणजे मिटरसारखी, असेच म्हणत आले आहेत.

हृदयात अशा एकंदर चार झडपा असतात. त्यांचे काम आमच्या शेतकरी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीत सोडलेल्या पंपाच्या पाइपाच्या तळाशी जो फूटव्हॉल्व्ह असतो, तो पाणी वर जाऊ देतो, परंतु खाली परतू देत नाही. त्यातील वॉशर झिजला की पाणी गळू लागते, आणि गंज चढून तो पुरता उघडेनासा झाला की पंप नुसता घरघरतो. हृदयाच्या झडपांची कथा हीच आहे. भेद एवढाच की, या झडपा दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा, म्हणजे वर्षाकाठी साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडतात व मिटतात, आणि त्यांची दुरुस्ती करावयास पंप बंद ठेवण्याची सोय नसते.

या झडपा बिघडण्याची दोन कारणे आपल्याकडे मुख्य होत. एक म्हातारपण; महारोहिणीच्या मुखाशी असलेल्या झडपेवर कॅल्शियम साठते आणि तिच्या पाकळ्या टणक होतात. दुसरे कारण बालपणाचे आहे. लहान मुलाचा घसा दुखतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो. घरची माणसे सांध्यांना तेल लावतात. सूज ओसरते व गोष्ट विसरली जाते. तो संधिवाताचा ताप, ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात, सांध्यांतून जातो खरा, परंतु हृदयाच्या झडपेवर, विशेषतः त्या मिटरसारख्या झडपेवर, आपली खूण ठेवून जातो. वीस-पंचवीस वर्षांच्या तरुण सुनेस पहिल्या बाळंतपणात धाप लागते, तेव्हा कोठे ती खूण उघडकीस येते.

बिघडलेली झडप काढून तेथे मनुष्याने घडविलेली झडप बसवावी, ही कल्पना साकार होऊन सत्तर वर्षे होऊन गेली. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात येशूसंघीय धर्मगुरूंनी स्थापिलेले जॉर्जटाउन विद्यापीठ आहे. तेथील शल्यविशारद चार्ल्स हफ्नागेल यांनी १९५२ साली एका रोग्याच्या महारोहिणीत चेंडूची झडप बसविली. नळीतला चेंडू रक्ताच्या लोटाबरोबर पुढे सरके व मागे येऊन वाट अडवी. ती खऱ्या जागी नव्हती, हृदयाच्या बाहेर होती. खुद्द हृदयात, झडपेच्या मूळ जागी टिकाऊ कृत्रिम झडप बसविण्याचे श्रेय १९६० साली अल्बर्ट स्टार हे शल्यविशारद आणि लोवेल एडवर्ड्स हे वयोवृद्ध इंजिनिअर यांच्याकडे जाते. आपल्या देशात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. वलियातन यांच्या नेतृत्वाखाली देशी झडप घडविली व १९९० साली ती पहिल्या रोग्यास बसविली.

या सर्व यांत्रिक झडपा. त्या झिजत नाहीत म्हटले तरी चालेल. परंतु त्यांवर रक्त गोठते, म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते व तिचे प्रमाण वारंवार रक्त तपासून ठरवावे लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. शिवाय त्यांपैकी सर्वत्र वापरात असलेली वॉर्फरीन ही गोळी गरोदरपणी पोटातील बालकास अपाय करू शकते. या अडचणींतून मार्ग काढण्यासाठी पॅरिसचे डॉ. आलँ कार्पांतिये यांनी डुकराची झडप विशिष्ट रसायनात मुरवून ती मनुष्यास चालेल अशी केली. आज गाईच्या हृदयावरील आवरणापासूनही झडपा शिवतात. अशा प्राणिज झडपेस बहुधा जन्मभराची गोळी लागत नाही. (प्राण्याचे अंग मनुष्यात बसविणे पाप नव्हे का, असे कोणी कोणी मला विचारतात. नव्हे. पोप बारावे पायस यांनी १९५६ सालीच अशा प्रत्यारोपणास सरसकट दोष देता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. आणि याफो गावी घराच्या गच्चीवर संत पेत्रास झालेले दर्शन ज्यांनी प्रेषितांच्या कृत्यांत वाचले आहे, त्यांस याचे आश्चर्य वाटू नये.)

परंतु प्राणिज झडप झिजते. साधारणतः दहा ते पंधरा वर्षांत तिच्या पाकळ्या फाटतात किंवा कॅल्शियमने आखडतात. तरुणांत त्याहूनही लवकर. मग पुन्हा तीच धाप, तेच पायांवरचे सुजणे, रात्री उशीला टेकून बसणे. आणि आता करावयाचे काय? पुन्हा छाती उघडणे हे पहिल्या वेळेसारखे नसते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर हृदय आतून उरोस्थीस चिकटलेले असते. करवत चालविताना त्यास इजा होण्याचे भय असते. रोग्याचे वयही आता वाढलेले असते. म्हणून पूर्वी अशा अनेकांस डॉक्टर हात जोडून घरी पाठवीत.

त्यांच्यासाठी जी नवी वाट निघाली, तिजविषयी हा लेख आहे. मांडीच्या रक्तवाहिनीतून एक लांब, लवचिक नळी, जिला कॅथेटर म्हणतात, हृदयापर्यंत सरकवितात. तिच्या टोकाशी छत्रीसारखी मिटविलेली नवी झडप असते. नेमक्या जागी आली की ती फुग्याने फुलवितात अथवा ती आपोआप उमलते. छाती कापावयाची नाही, हृदय थांबवून यंत्रावर जगवावयाचे नाही. अनेक रोगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात चालू लागतात.

नळीतून झडप बसविण्याचा मनुष्यावरील पहिला प्रयोग २००० साली पॅरिसमध्ये डॉ. फिलिप बोनहोफर यांनी केला. रोगी बारा वर्षांचा मुलगा होता, आणि हे पुष्कळांस ठाऊक नसते की, त्याची बिघडलेली वस्तू जन्मजात झडप नव्हती. फुप्फुसाकडे रक्त नेण्यासाठी पूर्वी शस्त्रक्रियेने बसविलेली झडपयुक्त कृत्रिम नळीच अरुंद झाली होती. म्हणजे या विद्येचा आरंभच मनुष्यकृत झडपेच्या दुरुस्तीतून झाला. पुढे १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ शहरी डॉ. आलँ क्रिबिए यांनी महारोहिणीच्या मूळ झडपेत नळीतून झडप बसविली. सत्तावन वर्षांच्या त्या रोग्यास शल्यविशारदांनी नाकारले होते; तो मरणाच्या दारी होता. झडप बसताच त्याचा रक्तदाब सुधारला, आणि सारे जग थक्क झाले. तो सुमारे चार महिन्यांनी पायाच्या दुखण्यातून उद्भवलेल्या उपद्रवाने वारला, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. बिघडलेल्या प्राणिज झडपेत, महारोहिणीच्या मुखाशी, अशीच नवी झडप बसविल्याचे वृत्त २००७ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१५ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने या उपचारास मान्यता दिली. आज आपल्या देशातील मोठ्या शहरांतूनही तो होतो. गुजरातेतील वापी येथे तयार झालेली देशी झडपही उपलब्ध आहे. खर्च अजूनही कित्येक लाखांच्या घरात जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. या उपचारास आपण ‘झडप बदलणे’ म्हणतो, आणि तेथेच समजुतीचा घोटाळा होतो. बदलणे म्हणजे जुनी काढून नवी घालणे. येथे जुनी झडप काढीत नाहीत. ती जेथे आहे तेथेच, आपल्या कडीसकट व फाटक्या पाकळ्यांसकट, जन्मभर राहते. नवी झडप तिच्या पोटात बसते. डब्यात डबा घालावा तसे हे आहे. आतला डबा बाहेरच्याहून लहानच असणार, आणि बाहेरच्या डब्याचे जे दोष असतील ते आतल्यास भोगावे लागणार. या उपचाराचे बहुतेक खास धोके या एकाच गोष्टीतून उगवतात. मांडीवरील छिद्र पेन्सिलीएवढे असते. त्यावरून धोकाही तेवढाच, असा समज करून घेणे हे अज्ञान होय, आणि हे अज्ञान सुशिक्षितांतही आढळते.

सर्वांत भयंकर धोका असा. महारोहिणीच्या झडपेच्या किंचित वर दोन लहान मुखे असतात. त्यांतून हृदयाच्या स्वतःच्या स्नायूस रक्त मिळते. नवी झडप फुलली की जुन्या झडपेच्या पाकळ्या बाहेरच्या बाजूस दाबल्या जाऊन उभ्या राहतात आणि त्यांची एक भिंतच तयार होते. ही भिंत त्या मुखांस जाऊन भिडली तर हृदयाचे रक्त तत्काळ तुटते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत अशा १६१२ रोग्यांचा हिशेब आहे. त्यांपैकी ३७ जणांवर, म्हणजे शेकडा २.३ जणांवर, हा प्रसंग आला. संख्या लहान वाटते. परंतु ज्यांवर तो आला त्यांपैकी सुमारे निम्मे एका महिन्याच्या आत मृत्यू पावले. मूळ झडपेत नळीतून झडप बसविली तर हा धोका शेकडा एकाहूनही कमी असतो. जुन्या कृत्रिम झडपेत तो कित्येक पटींनी वाढतो, याचे कारण ती उभी राहिलेली भिंत.

हा धोका सर्वांस सारखा नसतो, आणि ही जाणण्याजोगी गोष्ट आहे. काही बनावटीच्या प्राणिज झडपांत पाकळ्या सांगाड्याच्या बाहेरून शिवलेल्या असतात. काहींस सांगाडाच नसतो. अशा झडपांत पाकळ्या अधिक बाहेर पसरतात. म्हणून उपचारापूर्वी सीटी स्कॅनवर नवी झडप कोठवर येईल व त्या मुखापासून तिचे अंतर किती राहील, हे मोजतात. ते चार मिलिमीटरहून कमी भरले तर डॉक्टर सावध होतात. अशा रोग्यांसाठी अमेरिकेत एक युक्ती निघाली आहे. नळीतून विजेची तार नेऊन जुनी पाकळी मधोमध उभी चिरतात, म्हणजे भिंतीस फट पडते व रक्तास वाट राहते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या युक्तीस डॉक्टरांनी ‘बॅसिलिका’ असे नाव दिले. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते तयार केले आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेजूशी त्याचा काही संबंध नाही. ही युक्ती जाणणारे हात अजून थोडे आहेत.

दुसरा धोका अरुंदपणाचा. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी ज्या रोग्यास लहान मापाची झडप बसली, त्याच्या पोटातील नवी झडप आणखी लहान होते, आणि हृदयास पुन्हा अरुंद दारातून रक्त ढकलण्याचे कष्ट उरतात. २०१४ साली ४५९ रोग्यांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३५ जण महिनाभरात वारले, आठ जणांस मोठा पक्षाघात झाला, आणि वर्षाअखेर शेकडा ८३ जण हयात होते. परंतु सरासरीच्या आड काय दडले होते पाहा. ज्यांची जुनी झडप २१ मिलिमीटर वा त्याहून लहान होती, त्यांच्यातील शेकडा ७५ जणच वर्षभर जगले. ज्यांची २५ मिलिमीटर वा त्याहून मोठी होती, त्यांच्यातील शेकडा ९३. चार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची लांबीही नव्हे. अर्थात लहान झडप असलेले रोगी अन्य बाबतींतही अधिक दुर्बळ असू शकतात, हे लक्षात घेतले पाहिजे. तथापि माप हे प्रकरण किती गंभीर आहे ते यावरून दिसते. काही झडपांची कडी प्रचंड दाबाच्या फुग्याने आतून तडकवून जागा वाढविता येते. सर्वच कड्या तडकत नाहीत, आणि तडकविण्याचेही स्वतःचे धोके आहेत.

बाकीचे धोके थोडक्यात सांगतो. झडप नेमक्या उंचीवर न बसता खाली-वर सरकू शकते. मग दुसरी घालावी लागते. जुन्या झडपेवरचा चुरा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होतो. मांडीतून रक्तस्राव होतो. क्ष-किरणात रक्तवाहिन्या दिसाव्या म्हणून जो द्रव सोडतात, तो दुर्बळ मूत्रपिंडांस झेपत नाही. जुन्या झडपेच्या कडीच्या बाहेरून, टाक्यांच्या फटीतून गळती असेल, तर आत बसविलेली नवी झडप ती थांबवू शकत नाही. हे तर साध्या विचारानेही कळण्याजोगे आहे. नव्या पाकळ्यांवर गुठळी धरण्याचा संभव येथे अधिक असतो, म्हणून काहींस रक्त पातळ ठेवण्याची गोळी पुन्हा सुरू होते. एका बाबतीत मात्र हा उपचार सौम्य आहे: पेसमेकर बसविण्याची पाळी मूळ झडपेच्या उपचारापेक्षा येथे कमी वेळा येते.

मायट्रल झडपेचे प्रकरण निराळे आहे, आणि आमच्या गावांच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. कारण संधिवाताचा ताप तिलाच प्रथम गाठतो. तेथे मांडीच्या नीलेतून वर जाऊन हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र पाडून झडपेशी पोहोचतात. किंवा डाव्या छातीवर लहान छेद घेऊन हृदयाच्या टोकातून शिरतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन नोंदवहीत अशा १५२९ रोग्यांपैकी शेकडा ५.४ महिनाभरात व शेकडा १६.७ वर्षभरात दगावले. पडद्यातून गेलेल्यांत वर्षाचा आकडा १५.८, तर हृदयाच्या टोकातून गेलेल्यांत २१.७ होता. येथील खास धोका असा की, जुनी पाकळी नव्या झडपेने रेटली जाऊन अर्धवट उघड्या दारासारखी महारोहिणीकडे जाणाऱ्या वाटेत अडकून राहते. त्या नोंदवहीत हे शेकडा एकाहून कमी जणांत घडले, कारण मोजमाप आधीच करून धोक्याच्या रोग्यांस बहुधा वगळले होते. न मोजता केले असते तर काय झाले असते, याची कल्पना करावी.

हे सारे आकडे युरोप-अमेरिकेकडील वृद्धांचे आहेत, हे वाचकांनी विसरू नये. २०१४ च्या त्या नोंदवहीतील रोग्यांचे सरासरी वय ७७ वर्षांहून अधिक होते. आमच्याकडे झडप बिघडलेली बाई पुष्कळदा चाळिशीतली असते. तिला वर्षभर जगणे पुरेसे नाही. तिला अजून तीस वर्षे काढावयाची आहेत. तिच्या दृष्टीने प्रश्न असा की, डब्यातला डबाही दहा-बारा वर्षांनी झिजला, तर तिसरा कोठे घालावयाचा?

म्हणून एका प्रचलित बोलण्याविषयी मला स्पष्ट सांगितले पाहिजे. तरुण रोग्यांस हल्ली असे सांगितले जाते की, आज प्राणिज झडप घ्या, गोळीची कटकट नको. पुढे झिजली तर नळीतून दुसरी घालू. यात तथ्य आहे. ज्या तरुणीस मूल हवे आहे, तिच्यासाठी ही वाट खरोखरच विचार करण्याजोगी असू शकते. परंतु हे आश्वासन पहिल्या झडपेच्या मापावर, बनावटीवर व बसविण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. ती लहान बसली तर पुढची वाट त्याच दिवशी निम्मी बंद झालेली असते. पुढचा विचार पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी करावयाचा, नंतर नव्हे. आणि ज्यांस यांत्रिक झडप बसली आहे, त्यांनी या उपचाराची आशाच धरू नये. तिच्या कठीण चकत्या पाकळ्यांसारख्या बाजूस दाबता येत नाहीत. ती बिघडली तर औषध किंवा छाती उघडणे, एवढेच मार्ग उरतात.

मग हा उपचार वाईट का? तसे मुळीच नाही. २०१७ साली ३६५ रोग्यांची एक नोंद प्रसिद्ध झाली. हे सर्व पुन्हा छाती उघडण्यास फार धोक्याचे ठरलेले होते. त्यांपैकी पहिल्या ९६ जणांत महिनाभरातील मृत्यू शेकडा ८.२ होते, पुढच्या २६९ जणांत ते शेकडा ०.७ वर आले. हात बसला, मोजमाप सुधारले, रोगी निवडण्याची दृष्टी आली. फ्रान्समध्ये २०२० साली नळीचे रोगी व पुन्हा छाती उघडलेले रोगी यांची जोडीजोडीने तुलना झाली, तेव्हा पहिल्या महिन्यात नळीची वाट अधिक सुरक्षित दिसली. पुढील काळात मात्र दोहोंत एकंदरीत विशेष अंतर राहिले नाही. सत्तर-पंचाहत्तरीच्या आजीस पहिला महिना तरून जाणे हेच मोठे असते. पन्नाशीच्या धडधाकट गृहस्थास कदाचित पुन्हा छाती उघडणेच हिताचे ठरेल. एकच उत्तर सर्वांस लागू नाही.

०.७ व ८.२ या दोन आकड्यांत आम्हा गावकऱ्यांस एक शिकवण आहे. आमची माणसे मोठ्या डॉक्टरांपुढे तोंड उघडीत नाहीत. सही कोठे करावयाची एवढेच विचारतात. हा विनय नव्हे. आपल्या मातापित्यांच्या जिवाचा प्रश्न असता विचारणे हे कर्तव्य आहे, आणि चांगल्या डॉक्टरास त्याचा राग येत नाही. जुन्या झडपेचे माप काय, आत किती मापाची बसेल, हृदयास रक्त देणाऱ्या मुखापासून अंतर किती राहील, असे उपचार आपण स्वतः किती केले, आणि ऐन वेळी बिघडले तर छाती उघडणारे शल्यविशारद त्याच इमारतीत हजर असतील काय, एवढे तरी विचारावे. छाती उघडणारा व नळी घालणारा या दोघांनी मिळून रोग्यास पाहिले असेल तर उत्तम.

आणि रोग्यास स्वतःस सांगावे. आमच्या घरांतून याची फार टाळाटाळ होते. आजीला सांगू नका, फादर, ती धसका घेईल, असे मला दाराशीच बजावले जाते. आत गेल्यावर आजी हळूच विचारते, फादर, ही पोरे माझ्यापासून काय लपवितात? तिला सारे कळलेले असते. केवळ बोलावयास कोणी उरलेले नसते. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात सांगितले की, जीव राखण्यासाठी सामान्य उपाय योजण्यास मनुष्य बांधलेला आहे. परंतु स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकणाऱ्या उपायांची सक्ती त्याच्यावर नाही. भार कोणता हे व्यक्ती, स्थळ व काळ पाहून ठरते. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण-ग्रंथातही असा निर्णय, शक्य असेल तर, रोग्यानेच करावा असे म्हटले आहे. म्हणून ब्याऐंशी वर्षांच्या एखाद्या आजोबांनी, सर्व ऐकून घेऊन, मला ही नळी नको, माझ्या घरी, माझ्या खाटेवर राहू द्या, असे म्हटले तर तो आत्मघात नव्हे. आणि मुलांनी शेत गहाण टाकले नाही म्हणून ती कृतघ्न ठरत नाहीत. तसेच कोणी धोका पत्करून उपचारास गेले, तर त्यात श्रद्धेची उणीव नाही. मात्र काहीच न समजता होकार देणे किंवा नकार देणे, हे दोन्ही टाळले पाहिजे.

रुग्णाभ्यंग संस्काराविषयीही येथेच लिहितो. तो केवळ मरणोन्मुखांसाठी आहे ही जुनी समजूत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच दूर केली. गंभीर शस्त्रक्रियेस जाण्यापूर्वी तो घेणे उचित आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी फादरांस बोलवावे. कुमसार व कोमुन्यांवही घरीच होईल. रुग्णालयातून रात्री दोन वाजता फोन करण्यापेक्षा हे सर्वांस सोयीचे, आणि रोगी तेव्हा शुद्धीत असतो.

आता ज्यांच्या घरी पहिली झडप सध्या चांगली चालली आहे, त्यांच्यासाठी. दातांची निगा राखावी. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास झडपेविषयी अवश्य सांगावे, म्हणजे ते आधी योग्य औषध देतील. कृत्रिम झडपेवर जंतू बसले तर ते निघणे महाकठीण. वर्षातून एकदा तरी हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. झडप बिघडत चालल्याचे धाप लागण्यापूर्वीच तेथे दिसते. ज्या मुलांस संधिवाताचा ताप येऊन गेला आहे, त्यांची तीन आठवड्यांची पेनिसिलिनची सुई शाळेच्या परीक्षेसाठीही चुकवू नये.

आणि एक कागद जपावा. झडप बसविली की रुग्णालय रोग्यास एक लहानसे कार्ड देते. त्यावर झडपेचे नाव, प्रकार, माप, अनुक्रमांक व बसविल्याची तारीख असते. वर सांगितलेले जवळजवळ सारे धोके मोजण्याची सुरुवात या कार्डापासून होते. ते हरवले तर डॉक्टरांस क्ष-किरणातील सावलीवरून जुनी झडप ओळखण्याचा यत्न करावा लागतो. ते नेहमीच साधते असे नाही. काही घरांतून हे कार्ड देवघरातील चित्राच्या फ्रेमीमागे, काहींत मुलांच्या दप्तरात, तर काहींत कोठेच नाही, असे मी पाहिले आहे. बाप्तिस्म्याचे व लग्नाचे दाखले ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत ते ठेवावे, आणि त्याची एक प्रत घराबाहेर राहणाऱ्या मुलाकडे वा मुलीकडे द्यावी. कार्ड सापडत नसेल तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे घरी सोडतानाच्या कागदाची व शस्त्रक्रियेच्या टिपणाची नक्कल लेखी अर्ज करून आजच मागावी. जुनी दप्तरे रुग्णालये किती वर्षे ठेवतील याचा नेम नसतो. अर्ज लिहिता येत नसल्यास रविवारी मिस्सेनंतर धर्मगुरूंच्या कचेरीत यावे, तेथे लिहून मिळेल.